मोटारसायकलच्या चाकाचे बेअरिंग

मोटारसायकलच्या चाकाचे बेअरिंग म्हणजे फिरणारा हब आणि स्थिर राहणारा एक्सल यांच्यामध्ये बसवलेला, छऱ्यांवर किंवा रोलरांवर चालणारा भाग होय. गाडीचे व स्वारांचे संपूर्ण वजन या भागातून चाकाकडे जाते. खड्ड्यांचे धक्के, वळणावरील बाजूचा दाब आणि ब्रेकचा ताणही त्यालाच सोसावा लागतो. बहुतेक मोटारसायकलींच्या प्रत्येक हबमध्ये दोन बेअरिंगे असतात. मागील चाकाचे स्प्रॉकेट वेगळ्या ड्रमवर असेल तर त्या ड्रममध्ये तिसरे बेअरिंग असते.

आकाराने व किमतीने हा भाग लहान आहे. योग्य रीतीने बसवल्यास तो हजारो किलोमीटर देखभालीशिवाय चालतो, चुकीच्या रीतीने बसवल्यास नवा असूनही काही शे किलोमीटरांत निकामी होऊ शकतो. जुन्या मोटारसायकलींच्या बाबतीत हा फरक अधिक तीव्र असतो. त्यांचे हब पूर्वी अनेकदा उघडलेले असतात, मूळ स्पेसर बदललेले किंवा हरवलेले असतात आणि बेअरिंगचे घर झिजलेले असण्याची शक्यता मोठी असते.

रचना

चाकांमध्ये सर्वाधिक आढळणारा प्रकार म्हणजे खोल खाचेचे एकपदरी बेअरिंग. त्यात बाहेरील कडे, आतील कडे, त्या दोहोंमधील खाचांत फिरणारे पोलादी छर्रे आणि छऱ्यांमध्ये समान अंतर राखणारा पिंजरा असे चार भाग असतात. खाचा खोल असल्यामुळे हे बेअरिंग उभ्या भाराबरोबरच काही प्रमाणात बाजूचा भारही पेलते. मोटारसायकलसारख्या झुकून वळणाऱ्या वाहनाला हा गुण उपयोगी पडतो.

बेअरिंगच्या कड्यावर कोरलेला क्रमांक आंतरराष्ट्रीय पद्धतीचा असतो आणि गॅरेजमधील व्यवहार त्या क्रमांकावरच चालतो. ‘६२०२’ या क्रमांकातील पहिला ६ हा खोल खाचेचा एकपदरी प्रकार दर्शवतो, दुसरा २ हलकी मालिका दर्शवतो आणि शेवटच्या दोन अंकांवरून आतील छिद्राचा व्यास कळतो. ०० म्हणजे १० मिमी, ०१ म्हणजे १२ मिमी, ०२ म्हणजे १५ मिमी आणि ०३ म्हणजे १७ मिमी. ०४ पासून पुढे अंकाला पाचने गुणले की व्यास मिळतो, म्हणून ०४ म्हणजे २० मिमी. त्यानुसार ६२०२ ची मापे १५ × ३५ × ११ मिमी, तर मध्यम मालिकेतील ६३०२ ची मापे १५ × ४२ × १३ मिमी आहेत. दोन्ही एकाच एक्सलवर बसतात, परंतु एकाच्या घरात दुसरे बसत नाही. बेअरिंग घेताना केवळ एक्सलची जाडी सांगणे त्यामुळे पुरेसे ठरत नाही.

क्रमांकापुढील अक्षरेही महत्त्वाची असतात. ‘झेड’ म्हणजे एका बाजूला पत्र्याची झाकणी आणि ‘झेडझेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना. ‘आरएस’ म्हणजे रबरी सील आणि ‘२आरएस’ म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. पत्र्याची झाकणी धूळ काही प्रमाणात अडवते, पाणी मात्र अडवत नाही. ‘सी३’ ही खूण आतील मोकळीक नेहमीपेक्षा जास्त असल्याचे सांगते. १० मिमीपेक्षा जास्त व १८ मिमीपर्यंत छिद्र असलेल्या बेअरिंगात सामान्य मोकळीक ०.००३ ते ०.०१८ मिमी, तर सी३ मध्ये ती ०.०११ ते ०.०२५ मिमी असते. बाहेरील कडे घट्ट घरात दाबले गेले की किंचित आकसते आणि ही मोकळीक कमी होते. त्यामुळे निर्मात्याने सी३ सांगितले असल्यास साधे बेअरिंग वापरू नये.

जुन्या हबमध्ये मूळचे बेअरिंग बहुधा उघडे, म्हणजे सीलविरहित असे. बाहेरून नमद्याचे वॉशर किंवा ऑइल सील आणि हबवर ग्रीस निप्पल अशी व्यवस्था असे. त्या जागी आज २आरएस प्रकारचे बेअरिंग बसवता येते, कारण बाह्य मापे तीच असतात. मात्र त्यानंतर निप्पलमधून भरलेले ग्रीस छऱ्यांपर्यंत पोहोचत नाही, ते हबच्या पोकळीतच राहते. काही जण यासाठी आतील बाजूचे सील काढून टाकतात.

सर्वच जुन्या गाड्यांत छऱ्यांची बेअरिंगे नसतात. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत आणि १९७० च्या दशकातील बीएमडब्ल्यू गाड्यांत निमुळत्या रोलरांची बेअरिंगे आढळतात. त्यांना ठरावीक पूर्वदाब द्यावा लागतो आणि बीएमडब्ल्यूमध्ये तो दोन बेअरिंगांमधील रिंगेची जाडी बदलून साधला जातो. या लेखातील बसवण्याची पद्धत अशा हबांना जशीच्या तशी लागू होत नाही.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

गाडीच्या आसासाठी छऱ्यांच्या बेअरिंगचे पेटंट वेल्समधील फिलिप व्हॉन याने १७९४ मध्ये घेतले. छऱ्यांच्या बेअरिंगचा खरा प्रसार सायकलींमुळे झाला. जर्मनीतील श्वाइनफुर्ट येथे फ्रीड्रिश फिशर याने १८८३ मध्ये छर्रे अचूक गोल घासणारे यंत्र तयार केल्यावर एकसारख्या मापाचे छर्रे मोठ्या संख्येने बनू लागले. निमुळत्या रोलरांचे पेटंट हेन्री टिमकेन याला १८९८ मध्ये मिळाले.

भारतात जयपूरची नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज ही १९४६ मध्ये स्थापन झालेली कंपनी ‘एनबीसी’ या नावाने बेअरिंगे बनवते. महाराष्ट्रात पुण्याजवळील चिंचवड येथे एसकेएफ या मूळच्या स्वीडिश कंपनीचा कारखाना १९६० च्या दशकात उभा राहिला. याच सुमारास देशात मोटारसायकलींचे उत्पादन वाढत होते. मद्रास येथे १९५५ पासून बुलेट, मैसूर येथे जावा व पुढे येझदी, फरीदाबाद येथे राजदूत, १९८५ पासून हिरो होंडाची सीडी १०० आणि १९८५ ते १९९६ या काळात यामाहाची आरएक्स १०० या गाड्या तयार झाल्या. आज ‘जुनी गाडी’ म्हणून जपल्या जाणाऱ्या मोटारसायकली प्रामुख्याने याच आहेत. यांपैकी काहींचे मूळ सुटे भाग मिळणे कठीण झाले असले, तरी चाकांची बेअरिंगे बहुधा प्रमाणित मापांची असल्याने सहज उपलब्ध असतात. अडचण असते ती स्पेसर, विशिष्ट ऑइल सील आणि खुद्द हबची.

नाशिक जिल्ह्यातील परिस्थिती

बेअरिंगचे दोन मोठे शत्रू म्हणजे पाणी आणि धूळ. नाशिक जिल्ह्यात दोन्ही आढळतात, परंतु निरनिराळ्या दिशांना. पश्चिमेकडील इगतपुरी येथे वर्षाला सुमारे ३,००० मिमी किंवा त्याहून अधिक पाऊस पडतो. नाशिक शहरात तो सुमारे ७०० मिमी असतो आणि पूर्वेकडील येवला, नांदगाव या तालुक्यांत त्याहूनही कमी. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या भागांत पावसाळ्यात फरशी पुलांवरून वाहणाऱ्या पाण्यातून गाडी काढावी लागते. चालून तापलेला हब अशा वेळी एकाएकी थंड पाण्यात बुडतो, आतील हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. बाहेरून काहीच दिसत नाही. ग्रीस पांढुरके होते, छऱ्यांवर गंजाचे ठिपके पडतात आणि गुरगुर ऐकू येईपर्यंत कदाचित दिवाळी उजाडते.

पूर्वेकडील कोरड्या भागात बारीक माती सीलच्या ओठापाशी साचून त्याला झिजवते. वॉशिंग सेंटरमधील जोरदार फवारा थेट हबवर मारणे दोन्ही भागांत सारखेच घातक आहे, कारण चाकाचे सील पावसाचे पाणी अडवण्यासाठी असते, दाबाखालचे पाणी अडवण्यासाठी नव्हे.

भाराचा परिणामही मोठा आहे. छऱ्यांच्या बेअरिंगचे अपेक्षित आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. भार सव्वापट झाला तर आयुष्य जवळपास निम्मे होते आणि भार दुप्पट झाला तर ते एकअष्टमांशावर येते. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी ४० लिटरचे दुधाचे कॅन लटकवले की ८० किलोपेक्षा जास्त वजन मुख्यतः मागील चाकावर पडते. जिल्ह्यातील खेड्यांत दूध, भाजीपाला आणि द्राक्षांच्या क्रेट वाहणाऱ्या गाड्यांची मागील बेअरिंगे पुढच्यापेक्षा लवकर जाण्याचे हे एक कारण आहे.

१८ इंची रिमवरील टायरचा परीघ साधारण १.९ मीटर धरला, तर ताशी ६० किमी वेगाने चाक मिनिटाला सुमारे ५२५ फेरे घेते. नाशिक ते मुंबई या सुमारे १७० किमीच्या प्रवासात ते जवळपास ९०,००० वेळा फिरते. या प्रवासात थळ घाटाचा, म्हणजेच कसारा घाटाचा, लांब उतार येतो. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर उतारावर ब्रेक लावताना चाक डगमगते. ड्रम ब्रेकमध्ये ड्रम आणि लायनर यांची समकेंद्रता बिघडते आणि ब्रेक कधी धरतो, कधी सोडतो. बेअरिंग पूर्ण जाम झाल्यास आतील कडे एक्सलवर फिरू लागते, एक्सल खरवडला जातो आणि चाक अडकूही शकते. म्हणूनच हा प्रश्न केवळ आवाजाचा नसतो.

खासगी मोटारसायकलची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर वाहनाची तपासणी होऊन ती दर ५ वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. नाशिकच्या एमएच-१५ क्रमांकाच्या ज्या जुन्या गाड्या या टप्प्यावर येतात, त्यांच्या बाबतीत चाकांचा खेळ तपासण्याची ही सोयीची वेळ असते.

दोषाचे निदान

गाडी मधल्या स्टँडवर घेऊन संबंधित चाक अधांतरी करावे. टायर वरच्या व खालच्या टोकाला धरून आडवे हलवल्यास खटका जाणवू नये. हीच परीक्षा पुढच्या व मागच्या टोकाला धरून पुन्हा करावी. मागील चाकाबरोबर स्विंगआर्मही हलत असेल तर दोष बेअरिंगचा नसून स्विंगआर्मच्या बुशचा असतो. पुढील चाकाच्या बाबतीत हँडलच्या कोनसेटचा खेळ हमखास फसवतो, म्हणून फोर्कचे खालचे टोक दुसऱ्या माणसाने घट्ट धरून ठेवावे.

खराब बेअरिंगचा आवाज गुरगुरीसारखा असतो. तो वेगाबरोबर बदलतो, पण क्लच दाबल्याने किंवा इंजिन बंद केल्याने जात नाही. चाक हळू फिरवताना फोर्कवर किंवा स्विंगआर्मवर हात ठेवला तर कानाला न येणारी खरखर बोटांना जाणवते. चाक काढल्यावर एक्सल बाहेर घेऊन आतील कडे बोटाने फिरवून पाहणे ही शेवटची खात्री होय. ठराविक अंतरावर बारीक अडखळणे जाणवल्यास खाचेत छऱ्यांच्या अंतराने खड्डे पडलेले असतात.

असे खड्डे दोन प्रकारे पडतात. ठोक बसल्याने किंवा अतिभाराने पडणाऱ्या ठशांना ब्रिनेलिंग म्हणतात. हे नाव १९०० मध्ये काठिण्य मोजण्याची पद्धत मांडणाऱ्या योहान ऑगस्ट ब्रिनेल या स्वीडिश अभियंत्यावरून आले आहे. दुसऱ्या प्रकारात बेअरिंग न फिरता दीर्घकाळ थरथरत राहते, छऱ्यांखालचे ग्रीस बाजूला सरते आणि धातू घासला जातो. याला आभासी ब्रिनेलिंग म्हणतात. ट्रकमधून किंवा रेल्वेच्या पार्सल डब्यातून करकचून बांधून दूरवर नेलेल्या गाड्यांत हा दोष उद्भवू शकतो.

बसवण्यामागील तत्त्व

चाकात एक्सल स्थिर असतो आणि हब फिरतो. गाडीचे वजन नेहमी खालच्या दिशेने दाबत असल्यामुळे आतील कड्यावर भार सतत एकाच, खालच्या भागावर पडतो. बाहेरील कडे मात्र फिरत असते, त्यामुळे त्याचा प्रत्येक बिंदू आळीपाळीने भाराखाली येतो. अशा स्थितीत बाहेरील कडे घरात किंचितही सैल असेल तर ते मोठ्या बांगडीत फिरणाऱ्या लहान बांगडीप्रमाणे घराच्या भिंतीवर घरंगळू लागते आणि घर झिजवते. यासाठी बाहेरील कडे हबमध्ये दाबून घट्ट बसवलेले असते आणि आतील कडे एक्सलवर हाताने सरकेल इतपत मोकळे असते.

यातून बसवण्याचा मुख्य नियम निघतो. जे कडे घट्ट बसायचे आहे त्याच कड्यावर बल द्यावे. चाकाच्या बाबतीत ते बाहेरील कडे होय. आतील कड्यावर ठोकल्यास प्रत्येक ठोक छऱ्यांमधून जातो. बेअरिंगची स्थिर भारक्षमता ठरवताना छऱ्याच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाएवढी कायमची विकृती ही मर्यादा मानतात. ६२०२ मधील छर्रा सुमारे ६ मिमी व्यासाचा असतो, म्हणजे ही मर्यादा ०.०००६ मिमी इतकी सूक्ष्म आहे. या बेअरिंगची स्थिर भारक्षमता साधारण ३७५ ते ३८० किलो वजनाइतकी आहे आणि हातोडीच्या फटक्याचे क्षणिक बल त्याच्या अनेक पट होऊ शकते. ठोकून बसवलेले नवे बेअरिंग पहिल्याच दिवशी गुरगुरते ते यामुळेच. दोष बहुधा बेअरिंगच्या कंपनीला दिला जातो.

जुने बेअरिंग काढणे

प्रथम ऑइल सील, धूळझाकण आणि असल्यास सर्क्लिप काढावी. काही जुन्या हबांत बेअरिंग आट्यांच्या रिंगेने अडवलेले असते. ही रिंग काही वेळा डाव्या आट्यांची असते आणि सुटू नये म्हणून तिच्या कडेवर पंचाने खुणा ठोकलेल्या असतात. फिरवण्याची दिशा न पाहता जोर लावल्यास आटे तुटतात आणि हब वाया जातो.

दोन बेअरिंगांमधील स्पेसर पंचाने थोडा बाजूला सरकवला की पलीकडील बेअरिंगच्या आतील कड्याची कडा दिसते. तेथे लांब पंच टेकवून, समोरासमोरच्या बाजूंनी आळीपाळीने हलके ठोकत बेअरिंग सरळ बाहेर काढावे. एकाच बाजूने ठोकल्यास ते तिरके अडकून अॅल्युमिनियमचे घर ओरबाडते. स्पेसर सरकत नसेल तर आतून फुलणारा पुलर वापरतात. आतील कड्यावर ठोकून काढलेले बेअरिंग चांगले वाटले तरी पुन्हा वापरू नये.

हब आधी तापवल्यास काम पुष्कळ सोपे होते. स्पेसर बाहेर आल्यावर त्याची लांबी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवावी आणि दोन्ही टोके सपाट, समांतर आहेत का ते पाहावे.

घराची तपासणी

रिकामे घर पुसून नखाने आणि डोळ्यांनी तपासावे. भिंत आरशासारखी चकाकत असेल तर बाहेरील कडे आत फिरत होते असे समजावे. नव्या बेअरिंगचा बाह्य व्यास घरापेक्षा सामान्यतः ०.०१ ते ०.०३ मिमीने मोठा असावा लागतो. माणसाचा केस साधारण ०.०७ मिमी जाड असतो, यावरून या मापाची कल्पना येईल. थंड हबमध्ये नवे बेअरिंग अंगठ्याने दाबून बसत असेल तर घर झिजलेले आहे.

अशा वेळी घराच्या भिंतीवर पंचाने टोचे मारून बेअरिंग घट्ट करण्याची पद्धत सर्वत्र प्रचलित आहे. टोच्यांभोवती उठलेली टोके काही काळ बेअरिंग धरतात, परंतु संपर्क मोजक्या बिंदूंपुरता राहतो. ती टोके लवकरच दबतात आणि घर आधीपेक्षा अधिक बिघडते. पत्र्याची पट्टी गुंडाळून बसवल्यास बेअरिंग मध्यबिंदूपासून सरकते. झीज काही शतांश मिलिमीटरांपुरती असेल तर हवेच्या अभावी घट्ट होणारे रिटेनिंग द्रव उपयोगी पडते. त्यासाठी दोन्ही पृष्ठभाग तेलविरहित असावे लागतात. झीज जास्त असल्यास लेथवर घर मोठे करून त्यात स्लीव्ह दाबणे आणि ती स्लीव्ह मूळ मापाला कापणे हा टिकाऊ उपाय होय. नाशिकमध्ये सातपूर व अंबड या औद्योगिक वसाहतींमुळे लेथकाम करणाऱ्यांची वाण नाही, मात्र हब लेथवर अचूक केंद्रित करणारा टर्नर हवा. दोन्ही बाजूंची घरे एकाच अक्षावर न आल्यास दुरुस्तीचा काही उपयोग होत नाही.

नवे बेअरिंग बसवणे

अॅल्युमिनियम तापवल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. ३५ मिमी व्यासाचे अॅल्युमिनियमचे घर ८० अंश सेल्सियसने तापवले की ते सुमारे ०.०६ मिमीने मोठे होते. त्याच वेळी बेअरिंग घरगुती फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात उणे १८ अंशांपर्यंत थंड केले तर ते सुमारे ०.०२ मिमीने लहान होते. दोन्ही मिळून मूळच्या घट्टपणापेक्षा जास्त जागा निर्माण होते आणि बेअरिंग जवळपास स्वतःहून आत उतरते. पोलादी हबमध्ये हा लाभ कमी मिळतो, तरीही तो नगण्य नसतो.

हब १०० अंशांच्या आसपास तापवणे पुरेसे असते. हॉट एअर गनने सर्व बाजूंनी सारखी उष्णता द्यावी. गॅसची ज्योत एकाच जागी धरल्यास रंग जळतो आणि धातू वाकडा होण्याची भीती असते. तापमान ओळखण्यासाठी हबवर पाण्याचा थेंब टाकतात. थेंब तडतडून उडाला की तापमान पुरेसे झाले. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने तेथे पाणी ९८ अंशांच्या जवळपास उकळते, परंतु एवढ्या फरकाने या कामात काही बिघडत नाही. टायर, ट्यूब आणि ब्रेक शू यांपासून उष्णता दूर ठेवावी. बेअरिंग थंड करताना ते पिशवीत गुंडाळून ठेवावे, अन्यथा बाहेर काढताच त्यावर दव जमते.

कोणत्या बाजूचे बेअरिंग आधी बसवायचे हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. सर्वसाधारणपणे ज्या बाजूला सर्क्लिप किंवा आट्यांची रिंग असते ती स्थिर बाजू मानतात. या बाजूचे बेअरिंग घराच्या खांद्याला पूर्ण टेकेपर्यंत बसवावे. ठोकण्यासाठी फक्त बाहेरील कड्यावर टेकेल अशा मापाची गोटी किंवा जुन्या बेअरिंगचे बाहेरील कडे वापरावे. जुने कडे वापरायचे असल्यास त्याचा बाह्य व्यास ग्राइंडरवर थोडा कमी करावा, नाहीतर तेच घरात अडकून बसते. ठोकण्याऐवजी आट्यांचा दांडा, दोन जाड वॉशर आणि नट यांनी बेअरिंग हळूहळू ओढून घेणे अधिक सुरक्षित आहे, कारण त्यात धक्का नसतो आणि बेअरिंग तिरके जात असल्यास लगेच लक्षात येते. खांद्याला टेकताच ठोकण्याचा आवाज बोदा न राहता खणखणीत होतो. अनुभवी मेकॅनिक या आवाजावरूनच थांबतात.

यानंतर हब उलटून स्पेसर आत ठेवावा. स्पेसर विसरून दुसरे बेअरिंग बसवणे ही नवशिक्याची नेहमीची चूक आहे आणि ती सुधारताना नवे बेअरिंगही वाया जाते.

स्पेसरचे महत्त्व

दुसऱ्या बेअरिंगच्या बाबतीत नियम बदलतो. स्पेसर दोन खांद्यांमधील अंतरापेक्षा किंचित, साधारण एक-दोन दशांश मिलिमीटरने लांब ठेवलेला असतो. दुसरे बेअरिंग आत जाताना त्याचे आतील कडे स्पेसरला टेकले की तेथेच थांबायचे असते. बाहेरील कडे खांद्यापर्यंत ठोकत नेल्यास आतील कडे स्पेसरने अडवलेले आणि बाहेरील कडे पुढे गेलेले अशी स्थिती होते. छर्रे खाचेच्या कडेवर दाबले जातात आणि दोन्ही बेअरिंगांवर कायमचा बाजूचा भार बसतो.

स्पेसर आखूड असल्यास याच्या उलट घडते. एक्सलचा नट आवळताच दोन्ही आतील कडी एकमेकांकडे ओढली जातात. मूळ स्पेसर हरवल्यावर पाइपचा तुकडा अंदाजाने कापून टाकण्याचा परिणाम बहुधा हाच होतो. टोके समांतर नसलेला स्पेसर आतील कड्याला तिरके करतो. स्पेसर मुळीच नसेल तर एक्सल आवळण्याचा सर्व ताण छऱ्यांवर येतो आणि बेअरिंग फार काळ टिकत नाही.

याची परीक्षा सोपी आहे. एक्सल ढिला असताना चाक मोकळे फिरते आणि नट आवळल्यावर जड होते, असे आढळल्यास स्पेसर आखूड आहे किंवा मागाहून घातलेला एखादा वॉशर चुकीच्या जागी आहे. योग्य जुळणीत एक्सल, बाहेरील बुश, आतील कडी आणि स्पेसर मिळून एक अखंड घट्ट नळी तयार होते. नट कितीही योग्य ताणाने आवळला तरी छऱ्यांना त्याची जाणीव होत नाही. बसवल्यानंतर स्पेसर बोटाने हलवून पाहावा. तो खुळखुळत असेल तर बेअरिंग पुरेसे आत गेलेले नाही आणि अजिबात हलत नसेल, शिवाय आतील कडे जड फिरत असेल, तर ते जास्त आत गेले आहे. जास्त आत गेलेल्या बेअरिंगसाठी विरुद्ध बाजूने स्पेसरवर हलका ठोका देऊन ताण मोकळा करण्याची पद्धत आहे. हा ठोका छऱ्यांमधूनच जात असल्याने तो अगदी हलकाच असावा.

ग्रीस आणि सील

सीलबंद बेअरिंगात ग्रीस कारखान्यातच, आतील मोकळ्या जागेच्या साधारण पाव ते एकतृतीयांश इतके भरलेले असते. त्यात भर घालू नये. उघड्या बेअरिंगात छऱ्यांमधील जागा लिथियमच्या, चाकाच्या बेअरिंगसाठी असलेल्या ग्रीसने पूर्ण भरावी आणि हबच्या पोकळीत मात्र थोडेच ग्रीस ठेवावे. हब गच्च भरल्यास ग्रीस घुसळून तापते, पातळ होते आणि सीलमधून ब्रेक शूवर उतरते. ड्रम ब्रेकच्या गाडीत ही चूक बेअरिंगपेक्षा ब्रेकला जास्त महाग पडते. ग्राफाइटचे ग्रीस या कामासाठी नसते. जुने ग्रीस कोणते होते हे माहीत नसल्यास ते रॉकेलने पूर्ण धुऊन, वाळवून मगच नवे भरावे. धुतलेले बेअरिंग दाबाच्या हवेने गरगर फिरवू नये, कोरडे छर्रे क्षणात ओरखडतात.

ऑइल सील प्रत्येक वेळी नवे घालावे आणि त्याच्या ओठाला ग्रीसचा पातळ थर द्यावा. सील ज्या बुशवर फिरते त्यावर चर पडली असेल तर नवे सीलही पाणी अडवू शकत नाही. तेव्हा बुश बदलावा, अन्यथा सील किंचित आतबाहेर बसवून त्याचा ओठ चरीपासून दूर आणावा.

बेअरिंग निवडताना बनावट मालाची शक्यता लक्षात घ्यावी लागते. नामांकित कंपन्यांच्या वेष्टनाची नक्कल केलेली बेअरिंगे बाजारात आढळतात आणि बेअरिंग उत्पादकांच्या संघटनांनी त्याविरुद्ध मोहिमाही चालवल्या आहेत. कड्यावरील पुसट किंवा वेडावाकडा क्रमांक, बिलाविना विक्री आणि अवाजवी कमी किंमत ही संशयाची लक्षणे होत.

जुळणीनंतरची तपासणी

एक्सलवर गंज नसावा. त्याला ग्रीसचा हलका हात द्यावा आणि सपाट पृष्ठभागावर घरंगळवून तो वाकडा नाही याची खात्री करावी. बाहेरील बुश व वॉशर मूळ क्रमानेच घालावेत. स्पीडोमीटरच्या ड्राइव्हची जिभली हबच्या खाचेत बसल्यावरच एक्सल आवळावा, नाहीतर ती चेपते आणि चाक जड फिरते. नट निर्मात्याने दिलेल्या मापाला टॉर्क पान्याने आवळावा आणि छिद्र असल्यास नवी स्प्लिट पिन घालावी.

चाक हाताने फिरवल्यावर ते अडखळू नये आणि थांबताना एकदम न थांबता हळूहळू स्थिरावावे. सुमारे १० किमी चालवून थांबल्यावर हबला हात लावून पाहतात. ब्रेकचा फारसा वापर न करताही एका बाजूचा हब हात ठेववत नाही इतका तापला असेल, तर त्या बाजूचे बेअरिंग दाबाखाली आहे. सुमारे ५०० किमीनंतर खेळाची परीक्षा पुन्हा करावी. पाण्यातून सतत चालणाऱ्या गाडीचा हब पावसाळा संपल्यावर एकदा उघडून पाहावा, सीलबंद बेअरिंग असले तरीही.